राणीचा शिक्का आणि अडलेला कायदा

मित्रांनो, मी एक जुना पितळी शिक्का आहे. दक्षिण अटलांटिक महासागरातले सेंट ऑर्लन हे चिमुकले ब्रिटिश बेट माझे घर. घडलो मात्र लंडनमध्ये, अंगावर राणीचा चेहरा घेऊन.

बेटावर लोकांनी निवडलेली कौन्सिल कायदा मंजूर करते. मग लंडनहून नेमलेले गव्हर्नर त्यावर सही करतात. त्यानंतर मला कागदावर दाबतात आणि कायदा लागू होतो. शाळेचा, पिण्याच्या पाण्याचा, अगदी कुत्र्यांच्या पट्ट्याचासुद्धा कायदा माझ्याखालून गेला. लोक मला मान देत. मीही फुगून जाई.

पुढे परदेशी जहाजे बेटाजवळ येऊन जड जाळ्यांनी समुद्राचा तळ खरवडून मासे नेऊ लागली. कौन्सिलच्या सभासद ग्रेसबाई स्वतः मासेमारी करणाऱ्या. त्यांनी बंदीचा कायदा मांडला. सगळे हात वर गेले. गव्हर्नरांनी मात्र सही केली नाही. परदेशी जहाजे हा परराष्ट्र व्यवहार, तो लंडनने ठरवायचा, म्हणाले. लंडनचा विचार अजून चालूच आहे. बेटाच्या होड्या रिकाम्या परततात. माझे पितळ संतापाने तापते.

तेवढ्यात राणी वारली. नव्या राजाच्या चेहऱ्याचा शिक्का बेटावर गेला आणि मी लंडनला परत आलो. जुना शिक्का कोणी वापरू नये म्हणून त्यावर हातोडा मारायची इथली रीत आहे. तोवर मी बेटाच्या लंडनमधल्या कचेरीत, तिथे काम करणाऱ्या वैभवीताईंच्या टेबलावर आहे.

परवा ग्रेसबाई त्या सहीला परवानगी मागायला लंडनला आल्या. परराष्ट्र खात्यातल्या मोठ्या साहेबांनी चहा पाजला, बेटाचे कौतुक केले आणि वाटेला लावले. त्यांनी कचेरीत येऊन हे वैभवीताईंना सांगितले. शाळेला हाफ टर्मची, म्हणजे सत्रामधली, सुट्टी म्हणून वैभवीताईंची मुलगी अन्वी लंडनच्या कडेच्या स्टॅनमोरहून आईबरोबर आली होती. तिने सगळे ऐकले.

"आई, कौन्सिलला लोकांनी व्होट केलं. मग गव्हर्नरला कोणी व्होट केलं?"

"कोणीच नाही गं."

"मग त्याचा नो सगळ्यांच्या येसपेक्षा मोठा कसा?"

वैभवीताईंनी ते ग्रेसबाईंना इंग्रजीत सांगितले. बाई कडवट हसल्या. "हेच विचारायला मी इतक्या लांब आले होते," त्या म्हणाल्या, "आणि चहाचे आभार मानून उठले."

मग त्यांनी बेटावर फोन लावला. कौन्सिल तोच कायदा पुन्हा मंजूर करणार आहे. या वेळी सही अडली, तर गव्हर्नरांनी कारण भर सभेत, सगळ्या गावासमोर सांगायचे, अशी मागणी होणार आहे.

मित्रांनो, मला जपून ठेवा असे मी म्हणत नाही. जपायचे ते तुमचे मत. तुमच्या कायद्यावर शेवटची सही कोणाची आणि ती का अडली, हे मोठ्यांना विचारा. नम्रपणे विचारा, पण उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका.