सल्ला घेतला, चहा घेतला

मित्रांनो, मी एक जुनी तपकिरी किटली आहे. इंग्लंडच्या तांबड्या मातीची, पोटाने गोल, तोटीला जरा टवका उडालेली. भट्टीतून निघाले तेव्हा वाटलं होतं, एखाद्या घरचा संसार बघायला मिळेल. नशिबी आली लंडनमधली एक सरकारी समिती.

कुठलं मादक द्रव्य किती घातक, कुठलं कडक वर्गात आणि कुठलं सौम्य, याचा सल्ला ही शास्त्रज्ञ मंडळी सरकारला देत. वर्ग जितका कडक तितकी शिक्षा मोठी. अध्यक्ष हेस्टर लिंडली यांचा एकच दंडक होता. लोकरीच्या टोपीखाली माझा चहा मुरेपर्यंत कोणी निकाल बोलायचा नाही. "घाईचा चहा आणि घाईचं मत, दोन्ही फिक्कट," त्या म्हणत. मला केवढा अभिमान वाटायचा.

त्या दिवशी एका नव्या भुकटीचा विषय होता. व्यसनी मुलांवर उपचार करणारे डॉक्टर ॲलन प्रॉसर कळवळून सांगत होते, "बाई, हिला सगळ्यात कडक वर्गात टाकू नका. मित्र बेशुद्ध पडला तरी तुरुंगाच्या धाकानं पोरं ॲम्ब्युलन्स बोलावणार नाहीत."

"चहा मुरला. आता मतं घेऊ," म्हणत हेस्टरबाईंनी मला उचललं. तेवढ्यात भिंतीवरच्या टीव्हीत मंत्रिमहोदय दिसले. "शास्त्रज्ञांचा सल्ला घेऊनच ही भुकटी आम्ही सर्वांत कडक वर्गात टाकली आहे."

पोटात कढत चहा असून मी थिजले. अजून एकही मत पडलं नव्हतं. बाई ओततच राहिल्या. कप भरला, बशी भरली, टेबल भिजलं.

"सल्ला घेतला म्हणे," ॲलन म्हणाले. "कधी घेतला? आपला तर अजून चहाही घेऊन झाला नाही."

बाईंनी वर्तमानपत्रवाल्यांना हेच सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्यांचं अध्यक्षपद गेलं. खरं बोलल्याबद्दल. मला अजून ते पटत नाही.

पुढच्या बैठकीला ॲलन उशिरा आले, कोटही न काढता. नव्या अध्यक्षांना म्हणाले, "काल एका मुलीला इस्पितळाच्या दारात टाकून तिचे मित्र पळाले. ती भुकटीच होती. तिचं नाव सांगायलाही कोणी थांबलं नाही."

"वाचली ना?"

"नाही."

नव्या अध्यक्षांनी मला पुढे ओढलं. मग म्हणाले, "चहा घ्या, ॲलन."

ॲलननी आपला कप पालथा घातला.

हल्ली बैठकीला थर्मास येतो आणि मी कपाटात असते. माझी तक्रार नाही. मला जपू नका, मित्रांनो, फुटले तर मातीच आहे. कुणाला विचारायचं नसेल तर विचारूही नका. पण रिकाम्या किटलीतून कप भरला, असं लोकांना सांगू नका. त्या मुलीचं नाव मला अजून कळलेलं नाही.