दोन महिन्यांनी मोठा

सान रोकेच्या नगरसभेत वयानं मोठा असेल त्यानं आधी बोलायचं, हा रिवाज. आणि क्रिसांतो आर्बेलाएस एउसेबियोपेक्षा दोन महिन्यांनी मोठा. तेवढ्या दोन महिन्यांनी एउसेबियोचा जन्मभर जीव खाल्ला. पंगतीत आधी तो, मिरवणुकीत मेणबत्ती धरायला आधी तो. आवाजही मेल्याचा असा भरदार, की नुसतं 'बरंय' म्हटलं तरी बायका वळून बघायच्या.

समुद्रापलीकडून राज्य करणाऱ्या स्पेनच्या राजाला फ्रेंचांनी कैद केलं, तेव्हा गावात एकच वाद पेटला : आता आपण कुणाचे? कुणी म्हणे राजाचे, कुणी म्हणे राजधानीचे, कुणी म्हणे आपल्या गावापुरते आपण. एउसेबियोचं मात्र पक्कं होतं. आपण कुणाचेच नाही! त्यानं भाषण घरी इतकं घोकलं, की बायको रुफिना चॉकलेट घुसळता घुसळता पुढची वाक्यं सांगायची.

सभेत क्रिसांतो उठला. "आपल्याला राजा नको. हा नको, दुसराही नको." एवढंच बोलून बसला. सभा दणाणली. एउसेबियोच्या अंगाची नुसती लाहीलाही झाली. माझं होतं ते! माझं! त्याची पाळी आली, तो उठला, आणि तोंडातून निघालं, "राजाशी बेइमानी करणाऱ्यांची मला लाज वाटते."

घाबरट म्हाताऱ्यांचा जीव भांड्यात पडला. "बोललं बुवा कुणीतरी एकदाचं!" म्हणत त्यांनी त्याला आपला पुढारीच करून टाकलं.

"अहो, हे काय करून बसलात?" रुफिना म्हणाली. "तुमचं भाषण कुठं गेलं?"

"त्यानं उष्टं केलं," तो म्हणाला, आणि कपातल्या गरम चॉकलेटात गावच्या पद्धतीनं टाकलेला चीजचा तुकडा चमच्यानं उगाच ढवळत राहिला.

काही वर्षांनी राजा सुटला. त्याची फौज गावात आली. एउसेबियोच्या छातीवर कर्नलनं पदक लावलं, आणि क्रिसांतोला चौकात गोळ्या घालायचं ठरलं.

एउसेबियो कोठडीत भेटायला गेला. क्रिसांतो हसला. "ये रे. तुझं घोकणं खिडकीतून अख्खी गल्ली ऐकायची. म्हणून मी सुरुवात तेवढी करून दिली, बाकीचं तुझ्यासाठी ठेवलं. तुझ्यासारखं मांडता कुठं येतं मला? मग तू असा उलटलास का रे?"



सकाळी चौकात माणसं टोप्या काढून उभी होती. बायका रडत होत्या. भिंतीशी क्रिसांतो. इथंही आधी हाच! एउसेबियोला ते बघवेना. तो गर्दीतून पुढं धावला. "थांबा! मलाही उभं करा! आपल्याला राजा नको! हा नको, दुसराही नको!"

कर्नलनं जवळ येऊन त्याचं वाकडं झालेलं पदक सरळ केलं. "कितीही झालं तरी लहानपणचा मित्र. डोकं फिरलंय बिचाऱ्याचं. घरी न्या यांना, मानानं न्या."

गल्लीच्या तोंडाशी पोचताच मागून बंदुकांचा आवाज त्याच्या कानावर आला. एवढं घोकलेलं भाषण, पण त्यातलं एक अक्षर ऐन वेळी आठवलं नव्हतं. ओरडला तीही क्रिसांतोचीच वाक्यं.