पाठीला दोन बोटं जास्त

माझी बायको काजं-बटणं करायची, मी शिवायचो. घराच्या पुढच्या खोलीत दुकान. ती गेल्यापासून बटणंही मीच लावतो, पण बोलायला समोर कोणी नसतं. मग जुनं आठवत बसतो.

मुलगी नववीत होती तेव्हाची गोष्ट. वर्षभरात ताडमाड वाढली. गणवेशासाठी माप घेतलं, तर पुढच्या लांबीपेक्षा पाठीची लांबी दोन बोटं जास्त. माणूस पोक काढून चालायला लागला की माप असं येतं. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांचं येतं, चौदा वर्षांच्या पोरीचं नाही. मी म्हटलं, सरळ उभी राहा. ती आणखीच वाकली. त्या आठवड्यात रोज सकाळी तिचं पोट दुखायचं आणि शाळा बुडायची.

शाळेत सगळ्या तिला शिडी म्हणतात, हे बायकोने तिच्याकडून हळूहळू काढून घेतलं. मी तावातावाने शाळेत जायला निघालो. बायकोने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "अहो, ते नाव इथूनच गेलंय."

मग आठवलं. तिच्या वर्गातल्या पोरी माप द्यायला आल्या की मी कौतुकाने सांगायचो, आमच्याकडे शिडी आहे, वरच्या फळीवरचं कापड काढायला स्टूल लागत नाही. पोरी हसायच्या. मुलगीही हसायची.

मी आत जाऊन तिला म्हटलं, चुकलं माझं.

"मला माहीत होतं, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खुश होऊन सांगायचात."



दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्याच दोघी दारात आल्या. शिडी येतेय का आज, म्हणून विचारलं. मी म्हटलं, "ते नाव मी ठेवलं होतं. मीच परत घेतो. तिला तिच्या नावाने हाक मारा."

एकीने जीभ चावली. दुसरी म्हणाली, तीही हसायची ना काका, आम्हाला वाटलं तिला आवडतं. मग तिनेच आत डोकावून नावाने हाक मारली. मुलगी दप्तर घेऊन बाहेर आली. पोटाचं काही बोलली नाही.

तिघी निघाल्या. जरा ताठ चाल, असं ओरडायला मी तोंड उघडलं. बायकोने माझी बाही धरली.

"राहू द्या," ती म्हणाली. "चालतेय ना, तेवढं बघा."

त्या वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघं बघत उभे राहिलो.