पुस्तकात नसलेलं जपानी

कौसल्याबाईंची सून जपानी शिकवते, ही गोष्ट बावड्यात आता जुनी झाली होती. सुरुवातीला मात्र ढोबळी मिरची तोडायला येणाऱ्या बाया हमखास विचारायच्या, "काकू, आपल्याकडं जपानी माणूस न्हाय की काय न्हाय, मग सूनबाई शिकवतीया कुणाला?"

"नर्सिंगच्या पोरी हायेत इंदापुरात," कौसल्याबाई सांगायच्या. "तिकडं म्हातारी माणसं लई झाल्यात म्हणं. त्यांचं करायला पोरी जात्यात. पर आधी बोलायला नको का यायला?"

एवढं सांगून त्या विषय बदलत, कारण पुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

सून संस्कृती लोणी भापकरची. लग्नाआधी ती बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या ऑफिसात होती. तिथं मशिनी बसवायला जपानहून माणसं आली आणि त्यांच्याबरोबर पुण्याची एक दुभाषी मुलगी आली. ती मुलगी इकडून ऐकून तिकडं सांगताना संस्कृती बघत राहायची. तिथून तिला नाद लागला. दर रविवारी पहाटेची एसटी धरून ती पुण्याला क्लासला जायची. एक एक परीक्षा देत ती वर चढली. कौसल्याबाईंच्या यशराजशी लग्न होऊन बावड्यात आली, तेव्हा साड्यांच्या बॅगेपेक्षा तिची पुस्तकांची बॅग जड होती. इंदापूरच्या नर्सिंग कॉलेजात जपानीचा वर्ग निघाला आणि संस्कृती स्कूटीवरून रोज जाऊ-येऊ लागली. पोरी तिला 'सेन्सेई' म्हणत, म्हणजे जपानीत 'बाई'. कौसल्याबाईंना बरेच दिवस वाटत होतं की हे 'सणसरची', म्हणजे सणसर गावची, असं काहीतरी आहे आणि पोरींची चूक होतेय. आपली सून तर लोणीची.

तालुक्यात जपानी शिकवणारी ती एकटी. पुण्यातल्या मास्तरांना काही अडलं तर शेजारच्या वर्गात जाऊन विचारता येतं. हिला अडलं की हिचं हिनंच निस्तरायचं. कॉलेजच्या लायब्ररीत जपानीचं म्हणून एकच पुस्तक होतं, तेही सहलीला जाणाऱ्यांसाठी लिहिलेलं. त्यात हॉटेलात खोली कशी मागायची ते होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, ते कुठं असणार? म्हणून संस्कृती संध्याकाळी ओट्यावर बसून स्वतःच धडे लिहायची, चित्रं काढायची, मोबाइलवर आवाज भरायची. सासू शेजारी शेंगा निवडत बसायची. कळत काही नव्हतं, पण सुनेचं एकेक वाक्य दहादा घोटून घेणं त्यांना आवडायचं. त्या यशराजला म्हणायच्या, "तुज्या बानं इतकं मन लावून कदी शेत बी न्हाय केलं." यशराजचे वडील गेणबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

पहिल्या तुकडीतली छकुली सणसरची, ऊसवाल्यांची पोर. ती परीक्षा पास होऊन जपानच्या अगदी उत्तरेला, होक्काइडो बेटावरच्या एका वृद्धाश्रमात नोकरीला लागली, तेव्हा तिच्या घरच्यांनी संस्कृतीला घरी नेऊन साडी नेसवली होती. पुढं चार-सहा आठवडे गेले आणि एका संध्याकाळी छकुलीचा फोन आला. संस्कृती ओट्यावरच होती. फोन स्पीकरवर होता आणि पोर हुंदके देत होती.

"सेन्सेई, मला काहीच कळत नाही हो इथं. म्हणजे ऑफिसातल्यांचं कळतं, पण आज्यांचं कळत नाही. काल एक आजी सारखी म्हणत होती, कोवाई, कोवाई. मी म्हटलं, भिऊ नका आजी, मी आहे ना. तिचा हात धरून बसले. आणि तिला ताप भरला होता! मोठ्या नर्सनं येऊन बघितलं तेव्हा कळलं. सगळे माझ्याकडंच बघत होते."

"कोवाई म्हणजे भीती वाटतेय," संस्कृती म्हणाली. "तू बरोबरच ऐकलंस."

"नाही सेन्सेई. इथली म्हातारी माणसं अंग गळून गेलं, दमायला झालं, की कोवाई म्हणतात. आपल्याला कुणी सांगितलंच नाही."

संस्कृतीनं तिची समजूत घातली आणि फोन ठेवला. सासूनं जेवायला बोलावलं तर म्हणाली, "आत्या, भूक न्हाय." सासूला ती आत्याच म्हणायची. "मी शिकवलं ते सगळं पुस्तकातलं. परीक्षेला पुरलं, पण माणसाला न्हाय पुरलं. आता दुसरी तुकडी जाईल, ती बी अशीच रडंल."

कौसल्याबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "मागं मला इंदापूरच्या दवाखान्यात ठिवलं हुतं बघ," त्या म्हणाल्या. "तवा एक केरळची नर्स हुती, नवीच आलेली. मराठी शिकून आली हुती बिचारी. मी तिला म्हणलं, बाई, माजा जीव घाबरा व्हतोय. तर ती काय म्हणाली ठावं हाय? घाबरू नका आजी, मी हाय ना!"

संस्कृतीनं मान वर केली.

"मी म्हणलं, अगं बया, मी कुठं भेलीय? छातीत धडधडतंय, दम कोंडतोय. मग ती हसली आन् खुर्ची वढून माज्याजवळ बसली. म्हणली, आजी, अजून काय काय म्हणता तुमी, सांगा. मी सांगितलं की अंग मोडून येतं, पोटात डुचमळतं, डोळ्यात कचकच व्हती. तिनं समदं इचारून घेतलं. लई गुणाची पोर."

"आत्या," संस्कृती उठूनच उभी राहिली, "उद्या माज्याबरं वर्गात याल का?"

"मी? मी काय करू तितं?"

"आजारी पडायचं."

दुसऱ्या दिवशी कौसल्याबाई नवं लुगडं नेसून, स्कूटीवर सुनेच्या खांद्याला घट्ट धरून इंदापूरला गेल्या. वर्गात एक खाट होती. त्यांना तिच्यावर निजवलं. पोरी भोवती जमल्या. संस्कृती म्हणाली, "आजी जे बोलतील ते पुस्तकी मराठीत सांगायचं. आणि बदललं काय, ते पकडायचं."

कौसल्याबाईंना आधी लाज वाटली, मग रंगत चढली. त्या कण्हल्या, कुथल्या, पाणी मागितलं, पोरींना दोन शिव्याही हासडल्या. पोरी हसून बेजार झाल्या. पण थोड्या वेळानं त्याच सांगू लागल्या, की 'कुठे', 'इथे' असं असतं तिथं आजी 'कुठं', 'हितं' म्हणते. 'नाही'चं 'न्हाय' होतं. आणि काही शब्द ओळखीचे असून त्यांचा अर्थच निराळा असतो. "म्हणजे आजी मनाला येईल तसं बोलत नाही, तिच्या बोलण्यालाही नियम आहेत," एक पोर म्हणाली. संस्कृतीचा चेहरा असा फुलला, की कौसल्याबाई खाटेवरून बघतच राहिल्या. मग तिनं फळ्यावर लिहिलं, कोवाई.

तिथून पुढचे कित्येक महिने संस्कृती या एकाच कामाच्या मागं होती. कानाला सवय लावायची तर तिकडच्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज हवेत. छकुली म्हणाली, "मी गुपचूप रेकॉर्ड करून पाठवते." संस्कृतीनं तिला तिथंच अडवलं. "आजारी माणसाचं बोलणं चोरून घ्यायचं न्हाय. तुझ्या आजीचं कुणी घेतलं तर चालंल का?"

मग तिनं वेगळी वाट धरली. जगभरच्या जपानी शिक्षकांचा एक गट मोबाइलवर होता. तिथं तिनं लाजत लाजत लिहिलं, मी भारतातल्या एका तालुक्याच्या गावी शिकवते, मला होक्काइडोच्या बोलीसाठी मदत हवी आहे. आठवडाभर कुणी काही बोललं नाही. नंतर मोरिता नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेचं उत्तर आलं. बाई तिथल्याच होत्या. त्यांच्या गावात वृद्धांचं एक मंडळ होतं. मोरिताबाईंनी तिथं जाऊन समजावून सांगितलं, परवानगी घेतली आणि ज्यांना हौस होती त्या आजी-आजोबांचे आवाज भरून पाठवले. डोळ्यात कचकच होते त्याला तिकडं 'इझुई' म्हणतात, हे कळलं तेव्हा संस्कृती स्वयंपाकघरात धावत आली. "आत्या, तुमच्या कचकचीला सापडला बघा शब्द! जपानीच्या पुस्तकात न्हाय तो, पर हाय!"

मोरिताबाई दर शनिवारी पडद्यावर यायच्या. कधी कौसल्याबाई मागून डोकवायच्या, तर त्या वाकून नमस्कार करायच्या. मग याही वाकायच्या. पुन्हा त्या वाकायच्या. शेवटी संस्कृतीच म्हणायची, "पुरे आता दोघींचं."

धडे तयार झाले. एकेका धड्यात आजारी माणसाचं बोलणं, त्याचं पुस्तकी जपानी, त्याचा मराठी अर्थ आणि वर्गात करायचा खेळ. संस्कृतीनं ते नेटवर सगळ्यांसाठी खुले ठेवले. यशराज एकदा म्हणाला, "एवढं राबून फुकट वाटायचं व्हय?" तर ती म्हणाली, "माज्याकडं न्हवतं तवा कसं वाटायचं, ते मला ठावं हाय."  दुसऱ्या दिवशी यशराजनं मिरचीच्या पॅकहाउसमधली कोपऱ्यातली खोली झाडून, तिथं टेबल आणि दिवा लावून दिला.

पुण्याला जपानी शिक्षकांचं संमेलन भरलं. तिथं संस्कृतीला आपलं काम दाखवायला बोलावलं, तेव्हा ती सासूलाही बरोबर घेऊन गेली. मोठं सभागृह, मोठमोठी माणसं. कुणी जपानात दहा वर्षं राहून आलेलं, कुणी विद्यापीठातलं.  संस्कृतीनं सुरुवात केली ती जपून, चापून-चोपून बसवलेल्या मराठीत. मग तिनं सासूला पुढं बोलावलं आणि खुर्चीत बसवलं.

"या माझ्या सासूबाई. या आज पेशंट आहेत. त्यांचं म्हणणं तुम्ही जपानीत सांगायचं."

कौसल्याबाईंनी छातीला हात लावला. "बाई गं, जीव घाबरा व्हतोय."

पुढच्या रांगेतला एक तरुण शिक्षक पटकन म्हणाला, "कोवाई!" आणि लगेच त्यानंच कपाळाला हात लावला. "नाही, नाही. भीती नाही वाटत त्यांना!"

"थांबा," संस्कृती हसत म्हणाली, "तुम्ही होक्काइडोत असता तर आजींना निदान कुणीतरी तपासायला आलं असतं." आणि तिनं छकुलीची हकीकत सांगितली. सभागृह आधी खळखळून हसलं, मग माणसं वह्या काढून लिहू लागली. त्यानंतर संस्कृती जी बोलायला लागली, ती तिच्या नेहमीच्या बोलीत, न अडखळता. मधेच 'हाय' आलं, 'न्हाय' आलं, तिला भानही नव्हतं. आवाज ऐकवले, पोरींचा वर्ग दाखवला, चुकलेले प्रयोगही सांगितले. खुर्चीत बसलेल्या कौसल्याबाईंना ती निराळीच भासत होती. घरात भाकरी थापणारी, मिरचीचे क्रेट मोजणारी हीच का आपली सून?

कार्यक्रम संपल्यावर तिच्याभोवती गर्दी झाली. संमेलन भरवणाऱ्या सुकन्याताई, वयानं मोठ्या आणि नावाजलेल्या शिक्षिका, सगळ्यांत शेवटी आल्या. "हे धडे मी माझ्या वर्गात वापरले तर चालेल ना?"

"वापरा की ताई. चुकलेलं दिसलं तर कळवा फक्त."

"जपानमध्ये शिक्षकांसाठी सहा आठवड्यांचं प्रशिक्षण असतं. अर्ज केलास कधी?"

"दोनदा केला. दोनदा नाकारला."

"काय लिहिलं होतंस?"

संस्कृती थोडी ओशाळली. "मला जपान बघायची किती इच्छा आहे, ते."

"ती सगळ्यांनाच असते. या खेपेला तू काय करतेस ते लिही. आत्ता बोललीस ना, अगदी तसंच."

तिनं तसंच लिहिलं. उन्हाळा सरता सरता निवडीचा मेल आला. संस्कृतीला आनंद झाला, पण दुसऱ्याच क्षणी ती म्हणाली, "आन् वर्ग? सहा आठवडे पोरींनी काय करायचं?"

गेणबा ताक पीत बसले होते. ते फार बोलणारे नव्हेत. पेला खाली ठेवून म्हणाले, "आमी मिरची लावतो तवा एकाच माणसाच्या भरवशावर लावतो व्हय? बोलाव की तुज्या पुण्याच्या मास्तरांना."

सुकन्याताईंच्या गटातले शिक्षक पाळीपाळीनं पडद्यावरून वर्ग घ्यायला तयार झाले. पेशंटची जबाबदारी कौसल्याबाईंची. त्या दर मंगळवारी एसटीनं एकट्या इंदापूरला जायच्या आणि खाटेवर पडून पोरींची परीक्षा घ्यायच्या.

जपानात संस्कृतीनं एक सुट्टी होक्काइडोला काढली. छकुली विमानतळावर घ्यायला आली होती. ती आता तिथल्या आज्यांशी त्यांच्याच बोलीत भांडत होती, आणि नव्या आलेल्या परदेशी पोरींना शिकवायचं काम आश्रमानं तिच्यावर सोपवलं होतं. मोरिताबाईही भेटल्या. पडद्यावर दिसायच्या त्यापेक्षा बऱ्याच बुटक्या निघाल्या, असं संस्कृतीनं फोनवर सांगितलं, तेव्हा कौसल्याबाईंना का कोण जाणे, त्या अजून जवळच्या वाटल्या.

परत आल्यावर संस्कृतीनं बारामतीत एक खोली मिळवून आसपासच्या परदेशी भाषा शिकवणाऱ्यांना बोलावलं. नर्सिंगच्या पोरींना जर्मन शिकवणारी प्रगती आली, एका शाळेतला फ्रेंचचा शिक्षक आला, फलटणहून आणि अकलूजहूनही कुणी कुणी आलं. सगळे आपापल्या गावात एकेकटे. प्रगती म्हणाली, "मला वाटायचं, मलाच काही येत नाही म्हणून अडतं. तुम्हालाही अडतं होय?"

"रोज अडतं," संस्कृती म्हणाली. "म्हणून तर बोलावलंय."

मग त्यांनी आपापले धडे एकमेकांसमोर मांडले. जर्मनीतल्या दवाखान्यातले म्हातारे कसे बोलतात, यावरून वाद सुरू झाला, आणि पुढच्या महिन्यात कुणाच्या गावी जमायचं यावरूनही. कौसल्याबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. बोलणं तीन-चार भाषांतून चाललं होतं, त्यातलं त्यांना निम्मंही कळत नव्हतं. पण सगळ्यांची तोंडं आपल्या सुनेकडं आहेत, आणि ती कुणाला कमी न लेखता प्रत्येकाचं नीट ऐकून घेते आहे, एवढं त्यांना लख्ख दिसत होतं. चहावाला पोचला तेव्हा त्यांनी त्याला हातानंच थांबवलं.

"जरा दम धर बाबा," त्या हळूच म्हणाल्या. "मॅडम बोलत्यात."