दोन कन्सोल आणि एक अंगठा

थोरल्याने कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली, की घरात चर्चेचं गुऱ्हाळ लागलंच म्हणून समजावं. फ्रिज घ्यायला त्याने दोन महिने लावले होते, आणि तेवढे दिवस रोज दूध नासत होतं. म्हणून या वेळी धाकट्या बहिणीने त्याला आधीच बजावलं होतं, "दादा, हे फ्रिजसारखं नाही. इथे मुदत आहे."

मुदत होती बाबांच्या उजव्या हाताची. पक्षाघाताच्या झटक्यानंतर चालणं परत आलं, बोलणंही बरंचसं आलं, हात मात्र रुसूनच बसला. दाबायला रबरी चेंडू दिला तर बाबा तो डाव्या हाताने भिरकावून देत, तोही नेम धरून. "मी काय रांगतं पोर आहे?" चाळीस वर्षं बंदरावर क्रेन चालवलेला माणूस तो! मग एक दिवस फिजिओथेरपीच्या बाईंनी दुसऱ्या एका पेशंटचा गेम कन्सोल लावला आणि कंट्रोलर बाबांच्या उजव्या हाताला बांधला. पडद्यावरचा ट्रक वळणावर आला आणि अंगठा हलला. तांदळाच्या दाण्याएवढाच हलला, पण कंट्रोलरवरची छोटी दांडी सरकली आणि ट्रक वळला. "घरी असा एक आणा," बाई म्हणाल्या. "हा उद्या परत जाईल. रोज तासभर खेळू द्या. हे सुरुवातीचे महिने गेले की बोटं आखडत जातात, मग माझ्याही हातात काही राहत नाही."

धाकटीला त्याच संध्याकाळी दुकान गाठायचं होतं. थोरला म्हणाला, "थांब. यातलं तुला काही कळत नाही." इथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

बाजारात कन्सोल होते दोन. एक काळा, एक पांढरा. काळा जवळजवळ दुप्पट महाग. थोरल्याने लॅपटॉपवर तक्ता मांडला: प्रोसेसर, मेमरी, सेकंदाला फ्रेम किती, पंख्याचा आवाज किती. पहिल्या आठवड्यात काळा पुढे होता. दुसऱ्यात कळलं, की डिस्क घालायची सोय हवी असेल तर तो आणखी महाग पडतो. तिसऱ्यात पांढऱ्यावर सूट लागली, तर म्हणे, सूट लागली म्हणजे नवं मॉडेल येतंय, आत्ता घेईल तो मूर्ख. चौथ्यात असा शोध लागला, की काळ्याचं ते झगझगीत चित्र घरच्या टीव्हीला झेपणारच नाही. झालं! पाचव्यात टीव्हींचा तक्ता सुरू. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

"पांढरा घेऊन टाक ना," धाकटी काकुळतीला येऊन म्हणाली. "त्याचा कंट्रोलर दोन तुकड्यांत निघतो. एक तुकडा मुठीत मावतो, वर पट्टाही आहे. काळ्याचा दोन्ही हातांनी धरावा लागतो."

"अगं, ताकद निम्मी आहे त्याची. दोन वर्षांत भंगारात जाईल. मला बाबांना दहा वर्षं चालेल असं द्यायचंय."

"दादा, मी दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवते. आम्ही आधी तोंडाचा साचा घेतो, मग दात बसवतो. तू दात घेऊन तोंड शोधत फिरतोयस!"

"तोंड सांभाळून बोल," थोरला म्हणाला, आणि पुन्हा तक्त्यात घुसला.

तिला त्याचा संताप येई, आणि त्याहून स्वतःचा. थोरल्याचा शब्द मोडायची सवय घरात कुणालाच नव्हती, तिलाही नव्हती. बरं, त्याचं बाबांवर प्रेम नव्हतं म्हणावं, तर तेही नाही. प्रेम होतं, म्हणूनच त्याला सगळ्यांत चांगलंच हवं होतं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

सहाव्या आठवड्यात तिने लॅबमधून अर्ध्या दिवसाची रजा काढली, बाबांना टॅक्सीत घातलं आणि सरळ दुकान गाठलं. थोरल्याला फोनवर नुसतं कळवलं. तो धापा टाकत आला, लॅपटॉप काखेत.

दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "खेळणार कोण?" तक्त्यात हा रकाना नव्हता. दुकानदाराने बाबांकडे पाहिलं आणि पांढऱ्याचा एक तुकडा पुढे केला. मिटलेली मूठ उघडायलाच धाकटीला बराच वेळ लागला. तुकडा आत बसवला, पट्टा आवळला, अंगठा दांडीवर ठेवला. पडद्यावर गाडी सुटली. वळण आलं. बाबांच्या कपाळावरची शीर फुगली, जबडा हलला, खांदासुद्धा हलला. अंगठा हलला नाही. गाडी कठड्यावर आदळली. पुन्हा सुटली, पुन्हा आदळली.

"काळ्याची दांडी जास्त हलकी आहे," थोरला घाईघाईने म्हणाला. "कदाचित कमी जोर लागला तरी..."

"सहा आठवडे, दादा," धाकटी म्हणाली. तिला ओरडायचं होतं, पण रडूच आलं.

बाबांनी डाव्या हाताने पट्टा सोडवला. कंट्रोलर त्याच हातात घेतला आणि गाडी पहिल्याच झटक्यात सफाईने वळवली.

"भांडू नका रे," ते म्हणाले. "आता कुठलाही घ्या. डाव्या हाताला दोन्ही सारखेच."