स्कोअरबुकातला ई-सहा

विद्यापीठाने मुलींचा सॉफ्टबॉल संघ बंद करायचं ठरवलं आणि त्याच बैठकीत त्याचा इतिहास छापायचंही ठरवलं. माणूस गेल्यावर त्याचा फोटो मोठा करून घेतात, त्यातलाच प्रकार. मैदानावर आता परीक्षा भवन होणार आहे. मी सगळी नोकरी परीक्षा विभागात काढली, त्यामुळे हे ऐकून हसावं की रडावं ते मला कळेना. चाळीस पानांची पुस्तिका, मजकूर महिनाभरात हवा, आणि लिहिणार कोण, तर मी. जुनी स्कोअरबुकं कुठे आहेत हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं.

ती क्रीडा विभागाच्या मागच्या खोलीत, मोडक्या हर्डल्सच्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात होती. एकतीस वह्या, त्यातल्या पहिल्या नऊ माझ्या अक्षरातल्या. दुसरी वही मी सगळ्यात शेवटी उघडायची ठरवली आणि सगळ्यात आधी उघडली. पान लगेच सापडलं. अंतिम सामना, सातवा डाव, चौकटीत माझ्या हातचं ‘ई-६’. ई म्हणजे एरर, चूक, सहा म्हणजे शॉर्टस्टॉप, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा. तिथे माझी ताई खेळायची.

संघ निघाला तेव्हा आम्ही दोघी बहिणी एकदमच नाव द्यायला गेलो होतो. ताई दुसऱ्या वर्षाला, मी पहिल्या. संघाला शिकवणाऱ्या सरांनी ताईकडे दोन चेंडू मारले, तिने दोन्ही असे उचलले की जणू ते तिचेच होते आणि जरा दूर ठेवले गेले होते. माझ्याकडे एक मारला, तो चष्म्यावर बसला. सरांनी काचा गोळा करून माझ्या हातात दिल्या आणि दुसऱ्या दिवशी पेन्सिल दिली. तेव्हापासून मी स्कोअरर, आणि माझं नाव चष्मिस.

इतिहास म्हणून सांगायचं तर आमच्याकडे बॅटी दोन आणि नऊ जणींत ग्लोव्ह सात होते. मुलांचं क्रिकेट उरकलं की मैदान आमचं. माती खडबडीत, म्हणून सामन्याच्या सकाळी आम्ही सगळ्या ओणव्या होऊन खडे वेचायचो. प्रत्येकीला पट्टा ठरवून दिलेला असायचा. येणारेजाणारे विचारायचे, काय गं, काय हरवलंय? आमची तोफ त्यांना सांगायची, तुमची अक्कल. तोफ म्हणजे आमची पिचर. हात कमरेखालून फिरवून ती असा चेंडू सोडायची की समोरची मुलगी बॅट फिरवायच्या आत तो मागे पोचलेला असायचा. तीच आज क्रीडा विभागाची प्रमुख आहे.

सरांची एक रीत होती, ती दुसऱ्या कुठल्या संघात मी पाहिली नाही. सामना संपला की चहाच्या वेळी स्कोअररने वही मोठ्याने वाचायची. जिच्या नावावर चूक निघेल तिने उभं राहून एकच शब्द म्हणायचा, ‘माझी’. कारणं द्यायची नाहीत, ऊन डोळ्यावर आलं वगैरे काही नाही. मग सर म्हणायचे, ‘बस’. ती बसली की तो विषय संपला, पुढे कुणी चकार शब्द काढायचा नाही. रुसवेफुगवे या एका शब्दात मिटायचे.

अंतिम सामन्याच्या आधीच्या आठवड्यात मात्र मिटले नव्हते. एका सामन्यात ताईने मारलेला चेंडू समोरच्या मुलीकडून निसटला की तो मुळातच अवघड होता, यावर वाद झाला. अडवणारीची चूक की हिट, म्हणजे मारणारीचं श्रेय, हे फक्त स्कोअररने ठरवायचं असतं. मी हिट दिली. त्यावरून संघातल्याच मुली मला ‘घरची स्कोअरर’ म्हणायला लागल्या. सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पेन्सिल हातात असताना मला कुणी बहीण नाही. मी मान डोलावली. मला ते फार लागलं होतं.

अंतिम सामन्यात सहा डावांत तोफेने एकाही मुलीला हिट मिळू दिली नव्हती. आम्ही एका धावेने पुढे होतो. मैदानाभोवती इतकी माणसं मी तिथे कधी पाहिली नव्हती, आणि सगळ्यांना माहीत होतं की आणखी तीन गडी असेच गेले तर हा सामना वर्षानुवर्षं सांगितला जाईल. सातव्या, म्हणजे शेवटच्या डावात दोघी बाद झाल्या. तिसरीने जमिनीलगत एक चेंडू ताईच्या दिशेने मारला. साधा चेंडू होता. ताई खाली वाकली, ग्लोव्ह अगदी जागेवर होता, आणि हातभर अंतरावर चेंडूने उडी घेतली, तिच्या मनगटाला लागला आणि मागे गेला.

मी तिसऱ्या बेसच्या बाजूला टेबलाशी होते. मला तो खडा दिसला. खड्यावरून उडालेल्या चेंडूला कुणीच जबाबदार नसतं, ती हिट असते, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. सगळी माणसं माझ्या पेन्सिलीकडे बघत होती. मी ई-६ लिहिलं. पुढची मुलगी बाद झाली, तोफेला खांद्यावर घेतलं गेलं, आणि चहाच्या वेळी मी वही वाचली. ताई उभी राहिली. ‘माझी,’ ती म्हणाली. सर ‘बस’ म्हणाले. ती बसली, पण तिच्यापुरता तो विषय संपला नाही.

पुढच्या हंगामात सोपे चेंडूही तिच्या हातून सुटायला लागले. चेंडू येताना ती आधी स्वतःच्या हातांकडे बघायची आणि मग चेंडूकडे, तेवढ्यात तो निघून गेलेला असायचा. अर्ध्या हंगामात तिने सोडलं. घरी म्हणाली, अभ्यास आहे. पुढे ती कचेरीत टायपिस्ट झाली, संसार केला, सगळं केलं. फक्त कुणाचं तान्हं मूल कधी उचललं नाही. माझी लेक झाली तेव्हा मी बाळ पुढे केलं, तर दोन पावलं मागे सरून म्हणाली, ‘नको गं, माझ्या हातांचा काही भरवसा नाही.’ मावशीने हातात घेतलं नाही असं ते एकच बाळ नव्हतं. तिने स्वतःच्या मुलाला पहिले सहा महिने पलंगावर बसूनच घेतलं, दोन्ही बाजूंना उशा लावून. घरातले हसायचे, मीही हसायचे. माझ्या त्या हसण्याची मला आज किळस येते.

बोलले का नाही, असं कुणी विचारेल. सुरुवातीला धीर झाला नाही. मग क्रीडा विभागात तोफेच्या त्या सामन्याचा फलक लागला, मग तिला त्याच्या जोरावर नोकरी मिळाली, आणि दर वर्षी नव्या मुलींना ती गोष्ट सांगितली जाऊ लागली. बेचाळीस वर्षं गेली. संघाने दुसरा करंडक कधी जिंकला नाही. म्हणजे या इतिहासात सांगण्यासारखं पान एकच, आणि ते खोटं.

मी वही घेऊन तोफेच्या केबिनमध्ये गेले. मागे तो फलक होताच. मी सांगितलं की ती हिट होती, मी घरची स्कोअरर म्हणवून घ्यायला नको म्हणून चूक लिहिली, आणि पुस्तिकेत मला ते दुरुस्त करायचंय. मला वाटलं ती आता आकांडतांडव करेल. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

‘खड्यावरून उडाला होता,’ ती म्हणाली. ‘मी समोरच होते की.’

‘तुला माहीत होतं?’

‘पहिल्या बेसवालीलाही माहीत होतं. सरांनाही असणार. मला वाटायचं तुझ्या ताईलाही माहीत आहे आणि ती माझ्यासाठी गप्प बसली आहे. मी तिला मनातल्या मनात किती वेळा हात जोडलेत.’

ताईने तसं काही केलं नव्हतं. चेंडू अंगाशी आल्यावर नजर ग्लोव्हवर असते, तिला खडा दिसलाच नव्हता. सगळ्या मैदानाला जे ठाऊक होतं ते फक्त तिलाच ठाऊक नव्हतं, आणि तिच्यापासून ते लपवायला कुणाला काही करावंही लागलं नाही. तोफेने मागे वळून फलकाकडे पाहिलं. मग म्हणाली की काय छापायचं ते ताईला विचार, ती म्हणेल ते छापू, फलकही काढू. एवढं बोलून ती टेबलावरची कागदपत्रं उगाच सरळ करत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईकडे गेले. मेहुणे बाहेर गेले होते. स्वयंपाकघरात टेबलाशी ती डाळ निवडत होती, म्हणजे निवडायचा प्रयत्न करत होती. संधिवाताने तिची बोटं सांध्यांपाशी गाठाळली आहेत, दाणा चिमटीत यायला वेळ लागतो. मी चहा केला. तिने कप दोन्ही हातांनी धरला. मी वही उघडून तिच्यासमोर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. खडा सांगितला, घरची स्कोअरर सांगितलं. तिथे थांबता आलं असतं. तोफेपाशी मी तिथेच थांबले होते.

‘अजून आहे,’ मी म्हणाले. ‘त्या सकाळी तो पट्टा वेचायचं काम माझं होतं. मला कंटाळा आला होता. मी अर्धा वेचून उठले. हिट लिहिली असती तर उडाला कशावरून हे निघालं असतं, आणि खडा कुणी ठेवला हेही.’

ताई माझ्याकडे बघत नव्हती. डाळीच्या ताटात बघत होती.

‘केवढा होता?’ तिने विचारलं.

‘करंगळीच्या नखाएवढा. सामना झाल्यावर मी उचलला.’

‘मग?’

‘गटारात टाकला.’

तिने कप खाली ठेवला. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, मग उताणे केले, आणि दुसऱ्या कुणाचे असावेत तसे बघत राहिली. मी घाईघाईने सांगितलं की पुस्तिकेत सगळं दुरुस्त करणार आहे, तोफेनेही हो म्हटलंय, तू फक्त सांग. माझ्या नातीचं बारसंही अजून झालेलं नाही, पुढच्या आठवड्यात लेक तिला घेऊन येतेय, असंही मी मध्येच बोलून गेले. का बोलले ते तिला कळलं.

‘आता कशी घेऊ?’ ताई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. ‘कप धरवत नाही मला.’

मला काहीतरी करायलाच हवं होतं आणि करण्यासारखं एकच होतं. मी खुर्ची मागे सारली आणि उभी राहिले. साठी उलटलेली बाई, बहिणीच्या स्वयंपाकघरात, शाळेतल्या मुलीसारखी हात सरळ ठेवून.

‘माझी,’ मी म्हणाले.

तिने वर पाहिलं. तिला आठवत होतं, मला तिच्या डोळ्यांत दिसलं. पुढचा शब्द काय असतो तेही तिला माहीत होतं. तिने डाळीचं ताट जवळ ओढलं, एक खडा चिमटीत धरायला गेली, तो सुटला, पुन्हा धरला, बाजूला ठेवला. मग दुसरा शोधू लागली. चहा निवला. मेहुणे परत आले तेव्हा त्यांनी दारातूनच विचारलं, अशी उभी का, बस की. मी ताईकडे पाहिलं. ती खडे निवडत होती. मी तशीच उभी राहिले.