उजव्या हाताचा पेला

माणूस गेल्यावर पस्तिसाव्या दिवसाचं जेवण मुलीनं घालायचं, म्हणून यूफेन उजाडायच्या आत माहेरी आली. टोफू पाण्यात घालून ठेवला, तांदूळ धुतले, वडिलांच्या तसबिरीपुढची कालच्या उदबत्तीची राख पुसून घेतली. चूल पेटवायला अजून वेळ होता. मग ती मागच्या पडवीत गेली. तिथे चाळीस डबे ओळीनं मांडले होते, प्रत्येकावर लुओ घराण्याचा तांबडा शिक्का. आत बचनागाच्या चकत्या. वडिलांनी पास केलेला शेवटचा माल. दुपारी हाँगकाँगचे क्वानसाहेब येऊन तो घेऊन जाणार होते, आणि तिथून तो कुठल्या कुठल्या देशांत जाणार होता.

तिनं एका डब्याचं झाकण उचकटलं. एक चकती काढली, नखाएवढा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि चावत उंबऱ्यावर बसली. असं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. माल घराबाहेर पडायच्या आधी ती चाखायचीच. सहा वर्षांची सवय.

कच्चा बचनाग म्हणजे विष. तो सात दिवस पाण्यात ठेवायचा, पाणी रोज बदलायचं. मग आल्याच्या कापांबरोबर राखेत पुरायचा, वर भाताचं तूस रचायचं आणि ते एक दिवस, एक रात्र नुसतं धुमसत ठेवायचं. त्यावर वाफ. एवढं सगळं नीट झालं तर तेच विष गार पडत चाललेल्या काळजाला ऊब देतं. नीट झालं की नाही हे सांगणारं यंत्र या घरात कधी नव्हतं. जीभ होती. तुकडा चावायचा आणि पाव तास थांबायचं. जिभेला मुंग्या आल्या नाहीत तर माल तयार.

पाव तास व्हायच्या आतच यूफेनच्या जिभेचा शेंडा बधिर झाला, मागोमाग ओठ. ती थुंकली, चूळ भरली, तोंड ताळ्यावर येईपर्यंत थांबली आणि दुसरा डबा उघडला. मग तिसरा. तिसऱ्यानंतर जीभ दाताला लागलेलीही कळेना.

हा माल तिच्या वडिलांनी पास केला होता. लुओ वस्तादांनी, नानछांगच्या इस्पितळात, मरायच्या तीन दिवस आधी. सगळ्या गावाला ते माहीत होतं. त्यांच्या हाताखाली चाळीस वर्षं भट्टी सांभाळणाऱ्या फांगकाकांनी त्याचं फोनवर चित्रण केलं होतं आणि तेराव्या माणसाला दाखवतानाही त्यांचे डोळे पहिल्यासारखेच भरून आले होते.

गावाला जे माहीत नव्हतं ते फक्त यूफेनला माहीत होतं. वस्तादांची जीभ सहा वर्षांपूर्वीच मेली होती.

एका सकाळी त्यांनी करपलेली पेज शेवटच्या घासापर्यंत खाल्ली आणि वर ‘छान झालीय’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम मीठ दुप्पट घातलं. तीही खाल्ली. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तिला पडवीत बोलावलं. “चाळीस वर्षं विष चाखलं. ते काय फुकट सोडणार?” असं म्हणून त्यांनी बचनागाचा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. “तू चाख. पण हे आपल्या दोघांत.”

व्यापाऱ्यांना मात्र वस्तादांनाच चावताना बघायचं असे. त्यासाठीच तर ते लांबून येत. म्हणून दोघांनी मिळून एक रीत ठरवली. पहाटे यूफेन चाखायची. दुपारी माणसं जमली की वस्ताद तुकडा तोंडात टाकून डोळे मिटायचे, पडवीत कुणी खोकतसुद्धा नसे. पाव तासानं ती चहा घेऊन यायची. पेला त्यांच्या उजव्या हाताला ठेवला तर माल तयार. डाव्या हाताला ठेवला तर परत भट्टीत. ते डोळे उघडायचे, पेल्याकडे बघायचे, एक घोट घ्यायचे आणि निकाल द्यायचे. सहा वर्षांत एकही डबा परत आला नाही.

निकाल दिला की त्यांचं ठरलेलं भाषण असे. आता तसबीर ठेवलीय तिच्याशेजारच्या फळीवर एक गंजका डबा होता, त्यांच्या आजोबांच्या शिक्क्याचा. तो नदीनं सरोवरात, सरोवरातून कँटनला, तिथून जहाजानं सॅन फ्रान्सिस्कोला गेला होता. रूळ टाकणाऱ्या कुणा मजुराच्या नातवानं तो साठ वर्षांनी परत आणून दिला. “आमच्या माणसांना कुणी बोलावलं नव्हतं, हमाल म्हणून नेलं,” वस्ताद सांगायचे. “मागून आमची औषधी मुळं गेली. माणसं तिथेच मेली. मुळं मात्र राहिली, आणि आता ज्यांनी हमाल नेले त्यांचीच नातवंडं पाठीत सुया टोचून घ्यायला रांगा लावतायत.” हे शेवटचं वाक्य दालिनमुळे. दालिन तिचा धाकटा भाऊ. बुडापेस्टला त्याचा सुया टोचायचा दवाखाना होता. जिल्ह्याच्या कचेरीनं दिलेला घराण्याच्या कलेचा वारस असल्याचा दाखलाही त्याच्याच नावावर होता. तो चौकटीत घालून त्यानं बुडापेस्टला लावला होता.

फांगकाका सरपण घेऊन आत आले तेव्हा यूफेन अजून उंबऱ्यावरच होती.

“काय गं, रडून तोंड सुजवलंस की काय?”

“काका, माल कच्चा आहे.”

त्यांनी मोळी खाली टाकली. “कोण म्हणतं?”

“मी चाखला.”

“अस्सं. चहा देता देता जीभही आली वाटतं तुला.” ते हसले, पण नीट हसता आलं नाही. “पोरी, ही भट्टी मी एकट्यानं लावली. पहिल्यांदाच. वस्ताद खाटेवर होते, मी एक दिवस, एक रात्र तुसाजवळून हललो नाही. मग बसनं तीन तास जाऊन तुकडा त्यांच्या तोंडात ठेवला. त्यांनी चावला. त्यांची जीभ म्हणजे वरचं कोर्ट. त्याच्यापुढे अपील नाही.”

“मी कुठे होते तेव्हा?”

“तू औषधांच्या रांगेत होतीस. कधी नव्हतीस?”

“त्यांनी किती वेळ चावला?”

“पुरता पाव तास. मग डोळे उघडले, टेबलाकडे बघितलं आणि होकाराची मान हलवली.”

“टेबलाकडे?”

“पाण्याकडे गं. तहान लागली असेल. माणूस मरणाच्या दारात होता.”

यूफेननं हात पुढे केला. “फोन द्या.”

तिनं ते चित्रण आजवर पाहिलं नव्हतं. पाहवलं नसतं. आता पाहिलं. उशीवर वडिलांचं लहान झालेलं डोकं, हळूहळू हलणारा जबडा. डाव्या हाताला सलाईन, म्हणून सगळं सामान उजवीकडच्या टेबलावर: औषधाच्या बाटल्या, रुमाल, आणि तिनं रांगेत जाण्याआधी भरून ठेवलेला पेला. ते डोळे उघडतात. मान वळवून पेला शोधतात. तो उजवीकडे आहे. ते मान हलवतात.

शेवटच्या त्या तीन दिवसांत ते मधूनमधून विचारत होते, “पेला कुठल्या हाताला आहे?” तिला वाटायचं, भ्रमात बोलतायत. “उजव्या हाताला, बाबा,” ती म्हणायची. दर वेळी त्यांचा चेहरा निवायचा.

तिनं फोन परत दिला.

दालिन उठून आला तेव्हा ती टोफू तळत होती. त्याला तिनं चुलीपाशीच सगळं सांगितलं, पेल्यासकट.

“सहा वर्षं,” तो म्हणाला. “आणि मला एका शब्दानं नाही.”

“तू फोन करायचास तेव्हा माल कधी निघतोय एवढंच विचारायचास.”

“ताई, आज भांडू नकोस. आज त्यांचा दिवस आहे.” तो जवळ आला. “हे बघ, थोड्या मुंग्या येणारच. जुन्या पोथ्यांतही तसंच आहे, ‘किंचित’. आणि वैद्य काय तसाच खायला देतात? दोन-दोन तास उकळायला सांगतात. उकळलं की उरलंसुरलं जातं.”

“इथे उकळतात. तू गेल्या वर्षी जेवताना काय सांगत होतास? ‘तिकडे कुणाला काढे करायला वेळ नाही, पूड करून गोळ्यांत भरतात.’”

दालिन कढईकडे बघत राहिला. “तू बोललीस तर हे चाळीस डबे जाणार नाहीत, एवढंच होणार नाही. मागच्या सगळ्या डब्यांची पतही जाईल. बाबा खोटे ठरतील. तुला ते चालणार आहे?”

“नाही,” यूफेन म्हणाली. “टोफू लागतोय, सरक.”

जेवायला बारा माणसं होती. सगळ्यांनी वस्तादांच्या आठवणी काढल्या. सुपारीची चकती इतकी पातळ कापायचे की फुंकर मारली तर उडायची, डोळे बांधून आल्याची जात ओळखायचे. निम्मं खरं होतं. फांगकाकांनी एक घास खाल्ला आणि वाटी खाली ठेवली.

क्वानसाहेब जेवणानंतर आले. सत्तरीचे, अंगानं बारीक, दंडाला काळी फीत. त्यांनी तसबिरीपुढे तीनदा कमरेत वाकून नमस्कार केला, उदबत्ती लावली आणि पडवीत येऊन बसले. दालिननं त्यांना चित्रण दाखवलं. ते बघताना त्यांनी चष्मा काढून पुसला.

“शेवटपर्यंत,” ते म्हणाले. “असा माणूस आता होणे नाही. यातला एक फोटो डब्यावर घेतो, तुमची हरकत नसेल तर.”

यूफेन चहा घेऊन उभी होती. तिनं तबक खाली ठेवलं.

“क्वानसाहेब, नेण्याआधी एक चकती चावून बघा.”

“ताई,” दालिन म्हणाला.

“यूफेन, आत जा,” फांगकाका म्हणाले.

क्वानसाहेबांनी तिघांकडे पाळीपाळीनं बघितलं. जन्म या धंद्यात गेला होता, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी जवळच्या डब्यातली चकती घेतली, मोडली, चावली. पडवीत कुणी खोकलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी खिशातून रुमाल काढला, तुकडा त्यात टाकला आणि रुमालाची घडी घातली.

“वस्तादांना हे कळलं नाही?” त्यांची जीभ जड झाली होती.

“त्यांना काहीच कळत नव्हतं. सहा वर्षं.”

“मग माझा सहा वर्षांचा माल कुणी चाखला?”

“मी.”

“चांगला होता,” ते म्हणाले. “तीस वर्षांत सगळ्यात चांगला तोच होता. एकही तक्रार आली नाही.”

यूफेनला वाटलं, आता काहीतरी पुढे येईल. ती वाट बघत राहिली.

“पण लोक मूळ विकत घेत नाहीत, बाई. ते एका माणसाचा विश्वास विकत घेतात. त्यांची जीभ मेली होती आणि घरातल्या बाईनं चहा ठेवला, हे मी कुणाला सांगू?” ते उठले. “मी हे ऐकलं नाही. मी आजारी आहे, प्रवास झेपत नाही, म्हणून धंदा आवरता घेतला, असं सांगेन. एवढं मी त्यांच्यासाठी करू शकतो. चुलीत घाला हा माल.”

जाताना त्यांनी पुन्हा तसबिरीकडे तोंड केलं, पण वाकले नाहीत. नुसते उभे राहिले आणि निघाले.

फांगकाकांनी गळ्यातली भट्टीची किल्ली काढून डब्यावर ठेवली. “पस्तीस दिवसांपूर्वी आम्ही नुसता खड्डा खणला होता,” ते म्हणाले. “माती तू आज लोटलीस.”

“काका, चूक तुमची नाही. आच कमी पडली असेल, पहिल्या वेळी होतं. त्यांनी मान हलवली ती पेल्याला.”

“तेच तर,” फांगकाका म्हणाले. “माझ्या भट्टीला त्यांनी कधी मान हलवलीच नाही. एवढं मला मरेपर्यंत कळलं नसतं तर तुझं काय बिघडलं असतं?”

ते गेले. फाटकाची कडीही त्यांनी लावली नाही.

दालिन संध्याकाळच्या गाडीनं निघाला. बॅग भरताना म्हणाला, “कुठे तरी कुणी तरी वाचला असेल, ताई. पण त्याला ते कळणारही नाही, आणि आपल्याला तो दिसणारही नाही.” तो टोमणा होता की समजूत, हे तिनं विचारलं नाही.

तो गेल्यावर तिनं अंगणात तुसाची रास पेटवली आणि चाळीसही डबे एकेक करून त्यावर ओतले. उकळलेल्या औषधाचा चोथा लोक रस्त्यावर टाकतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाबरोबर दुखणं निघून जावं म्हणून. हा तर चोथाही नव्हता. चकत्या वळल्या, काळ्या पडल्या. धूर कडू होता. ती वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभी राहिली, तरी डोळे चुरचुरले.

हात धुऊन ती आत आली. तसबिरीपुढे अजून सकाळचाच पेला होता. सकाळी ठेवताना तिनं बघितलं नव्हतं. हात सवयीनं गेला होता, त्यांच्या उजव्या हाताला. तिनं तो रिकामा केला, विसळला, ताजा चहा भरला.

मग तो त्यांच्या डाव्या हाताला ठेवला.